कोठडीच्या दिवसांना मर्यादा कशी आली?

‘आरोपीची न्यायालयीन कोठडीत रवानगी’ अशी बातमी वाचली की शिक्षा सुरू झाली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तोवर बहुधा दोषारोपपत्रही दाखल झालेले नसते. पोलीस कोठडीत आरोपी चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात असतो, न्यायालयीन कोठडीत त्याला तुरुंगात ठेवतात. दोन्हीकडे तो कायद्याच्या नजरेत निर्दोषच असतो. म्हणूनच तपासकाळातल्या कोठडीला कायद्याने दिवसांची मर्यादा घातली आहे, आणि ती सहजासहजी आलेली नाही.

मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशीचा अहवाल १८५५ मध्ये आला. तिथे सारावसुली आणि पोलिसी काम एकाच माणसांच्या हाती होते. कबुलीसाठी किंवा थकलेल्या साऱ्यासाठी ‘किट्टी’ नावाच्या लाकडी चापात रयतेची बोटे दाबली जात. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यातून बाद केला. तो नियम आजही टिकून आहे. स्वातंत्र्यानंतर अनुच्छेद २२ ने, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणे घटनेनेच बंधनकारक केले.

खरी पळवाट पुढे होती. १८९८ च्या संहितेत तपासासाठी कोठडी जास्तीत जास्त १५ दिवस मिळे. तेवढ्यात तपास क्वचितच संपे. मग पोलीस अर्धवट दोषारोपपत्र टाकत आणि तहकुबीच्या कलम ३४४ खाली रिमांड वाढवून घेत राहत. कागदावर खटला सुरू, माणूस मात्र नुसता आत. विधी आयोगाने १९६९ च्या ४१व्या अहवालात यावर बोट ठेवले. १ एप्रिल १९७४ ला लागू झालेल्या संहितेने ६० दिवसांची मुदत घातली. तोवर दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन भरायला तयार असलेल्या आरोपीला सोडावेच लागते, मग गुन्हा कोणताही असो. १९७८ मध्ये गंभीर गुन्ह्यांसाठी ही मुदत ९० दिवस झाली.

पण हक्क आहे हे ठाऊकच नसेल तर? १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी समोर आले. काहींनी, दोषी ठरले असते तर भोगावी लागली असती त्याहून जास्त वर्षे खटल्याविना काढली होती. वकील कपिला हिंगोरानी यांनी त्यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात नेली. मुदत उलटल्यावर पुढची कोठडी देण्याआधी मॅजिस्ट्रेटनेच कैद्याला जामिनाचा हक्क सांगावा, असे न्यायालयाने बजावले. मला हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा आदेश वाटतो.

१९९२ च्या अनुपम कुलकर्णी निकालाने पोलीस कोठडी पहिल्या १५ दिवसांतच घेता येईल, असे ठरवले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ती चौकट सैल केली. आता हेच १५ दिवस, दोषारोपपत्राची मुदत ६० दिवसांची असेल तर पहिल्या ४० आणि ९० दिवसांची असेल तर पहिल्या ६० दिवसांत, तुकड्यातुकड्यांनी घेता येतात. मात्र पहिल्या १५ दिवसांनंतरही पोलीस कोठडी लागू शकते, एवढेच कारण एरवी जामिनास पात्र असलेल्या आरोपीला जामीन नाकारायला पुरेसे नाही, असे याच संहितेच्या कलम ४८० मध्ये लिहिले आहे.