उष्ण कटिबंधीय पक्ष्यांचे छायाचित्रण

उष्ण कटिबंधीय पक्ष्यांचे छायाचित्रण : कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यानची जंगले, पाणथळी व माळराने यांत मोकळेपणी वावरणाऱ्या रंगीत पक्ष्यांची छायाचित्रे घेण्याचे तंत्र. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची चित्रे यात सहसा धरत नाहीत. गुंजन पक्षी (हमिंगबर्ड), स्वर्गपक्षी, मकाव (मोठे पोपट), तुराको (आफ्रिकेतील पक्षी), कोटिंगा (मध्य व दक्षिण अमेरिकेतील पक्षी), धनेश, नवरंग व शिंजीर हे नेहमीचे विषय होत.

वन्य पक्ष्याचे पहिले छायाचित्र कोणते, याबाबत एकमत नाही. १८७० मध्ये स्ट्रासबर्ग येथे घरट्यावरील करकोच्याचे घेतलेले चित्र काही जण आद्य मानतात. चॅलेंजर या ब्रिटिश सागरी संशोधन मोहिमेतील (१८७२–७६) पेंग्विनांच्या चित्रांचाही दाखला दिला जातो. रिचर्ड व चेरी कीर्टन या इंग्लिश छायाचित्रकार बंधूंच्या १८९२ मधील चित्रापासून आरंभ धरण्याची प्रथा अधिक रूढ असली, तरी त्या चित्रात घरटे व अंडी आहेत, पक्षी नाही. यांपैकी एकही चित्र उष्ण कटिबंधातल्या पक्ष्याचे नाही. अमेरिकन पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०४ मध्ये बहामातील अँड्रोस बेटावर लपणात (पक्ष्यांना दिसू नये अशा आडोशात) बसून रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) वसाहतीची चित्रे घेतली. काटेकोर पाहिल्यास अँड्रोस कर्कवृत्ताच्या किंचित उत्तरेस येते. मात्र पक्षी व परिसर लक्षात घेता या शाखेचा आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

ही चित्रे अर्थातच कृष्णधवल होती. रंगीत चित्रासाठीच्या ऑटोक्रोम काचा १९०७ मध्ये बाजारात आल्या, पण त्यांना लागणारे दीर्घ एक्स्पोजर (प्रकाश आत घेण्याचा काळ) हलत्या पक्ष्याला मानवणारे नव्हते. ३५ मिमी. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३६ पासून मिळू लागली, तीही मंदच, म्हणजे भरपूर उजेड मागणारी. दाट वर्षावनात जमिनीपर्यंत शेंड्यांवरच्या उजेडाचा जेमतेम १ ते २ टक्के भाग पोहोचतो, त्यामुळे रंगीत चित्रणाची खरी कोंडी फुटली ती अमेरिकन अभियंते हॅरल्ड एजर्टन यांच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशमुळे. लहान गुंजन पक्ष्यांचे पंख सेकंदाला ८० वेळांपर्यंत हलतात. अमेरिकन छायाचित्रकार क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी अतिशीघ्र फ्लॅश वापरून घेतलेली या पक्ष्यांची चित्रे १९६० मध्ये पुस्तकरूपाने आली. आजही रसपात्राभोवती (साखरपाण्याच्या भांड्याभोवती) चार-सहा फ्लॅश कमी शक्तीवर लावतात, कारण शक्ती कमी केली की झोत अधिक अल्पकाळाचा होतो. मागे रंगवलेला पडदा ठेवून घेतलेल्या अशा चित्रांना ‘वन्य’ म्हणावे काय, हा वाद आहे. पक्षी मुक्त असतो एवढे खरे. परिसर मात्र उभा केलेला असतो.

पक्ष्याचा रंग कसा निर्माण होतो, यावर त्याचे चित्र कसे येईल हे बरेचसे अवलंबून असते. तुराकोचा लाल रंग तांबेयुक्त रंगद्रव्याचा असतो आणि तो कोणत्याही कोनातून लालच दिसतो. गुंजन पक्ष्याच्या गळ्याची झळाळी मात्र पिसांतील मेलॅनिन या गडद रंगद्रव्याच्या सूक्ष्म चकत्यांच्या थरांतून येते. बाजूने काळपट दिसणारा गळा पक्ष्याने मान वळवताच माणकासारखा पेटतो. म्हणून उजेड छायाचित्रकाराच्या पाठीमागे आणि पक्ष्याचे तोंड कॅमेऱ्याकडे, अशी जुळणी साधावी लागते. पिसांचा न झळाळणारा निळा रंग पूर्वी टिंडल प्रकीर्णनाचा (सूक्ष्म कणांमुळे प्रकाश विखुरण्याचा) परिणाम मानला जाई. कोटिंगाच्या पिसांवरील १९९८ च्या संशोधनाने तो केराटिन या पिसांतील प्रथिनाच्या सच्छिद्र पण बऱ्याच अंशी नियमित रचनेतून होणाऱ्या सुसंगत प्रकीर्णनाचा (विखुरलेल्या लहरी एकमेकींना बळ देतील अशा विखुरण्याचा) असल्याचे दाखवले, आणि आता हेच मत ग्राह्य धरले जाते. छायाचित्रकाराला याचा व्यावहारिक लाभ असा, की हा निळा ढगाळ हवेतही टिकतो.

स्वर्गपक्ष्यांची अडचण उलट आहे. काही जातींची काळी पिसे त्यांवर सरळ पडणारा ९९.९५ टक्क्यांपर्यंत प्रकाश शोषतात. चौकट काळ्याने भरली की कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो आणि छातीवरचा चमकता निळा पट्टा पांढरट होऊन त्याचा तपशील जातो. ते टाळण्यासाठी एक्स्पोजर हाताने कमी करतात. हिरव्या छताखालून गाळून येणाऱ्या उजेडामुळे रंगांवर हिरवी झाकही चढते. शिवाय पक्ष्यांना अतिनील प्रकाश दिसतो, तर सामान्य कॅमेऱ्यातील गाळणी तो अडवते. म्हणजे अचूक मानले जाणारे चित्रही माणसाच्या डोळ्यापुरतेच अचूक असते. ओळख पटवण्यासाठी चित्र वापरताना एकाच कोनातल्या रंगावर विसंबणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

उपकरणांत लांब पल्ल्याचे भिंग हे मुख्य. अलीकडे पक्ष्याचा डोळा हेरून फोकस धरणारे कॅमेरे आले असले, तरी चित्र ओळीओळीने टिपणाऱ्या त्यांच्या इलेक्ट्रॉनिक शटरने वेगवान पंख कधी कधी वाकडे उमटतात. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, म्हणून सिलिका जेल जवळ ठेवतात.

ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्ष्याला बोलावणे विवाद्य आहे, कारण हद्द राखणारा नर चारा सोडून या नसलेल्या प्रतिस्पर्ध्यामागे धावतो. विणीच्या काळात घरट्याजवळ चित्रण करणे बहुतेक आचारसंहितांना मान्य नाही. धनेशाच्या बाबतीत याचे गांभीर्य अधिक आहे. मादी ढोलीचे तोंड लिंपून आत कोंडून घेते आणि नर फटीतून अन्न पुरवतो. माणूस समोर बसलेला दिसला की नर जवळ यायला कचरतो.