हापूसचा निर्णय ब्रुसेल्समध्ये, अणुभट्टीचा पॅरिसमध्ये

मार्च २०१४. देवगड-रत्नागिरीच्या बागांत हापूसच्या पेट्या भरायला लागल्या होत्या आणि युरोपातून निर्णय आला: १ मेपासून भारतीय आंबा बंद. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूसुद्धा. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. बंदीची मुदत डिसेंबर २०१५ पर्यंत, म्हणजे सरळ दोन हंगाम.

युरोपात आपल्या आंब्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक ब्रिटन. लंडन आणि लेस्टरच्या भारतीय वस्त्यांतले दुकानदार हवालदिल झाले, ब्रिटिश खासदारांनी संसदेत विषय काढला. तरीही लंडनला स्वतःच्या अधिकारात एक पेटीसुद्धा आत घेता येत नव्हती. ब्रिटन तेव्हा युरोपीय महासंघाचा सदस्य होता (तो बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० रोजी), आणि किडींपासून पिकांच्या संरक्षणाचे नियम सगळ्या सदस्यांसाठी मिळून ब्रुसेल्समध्ये, म्हणजे महासंघाचा कारभार जिथून चालतो तिथे, ठरत होते. ज्याला आंबा खायचा आहे त्याचा होकार पुरेसा नव्हता. अनेक देश मिळून जगाशी एकच देश असल्यासारखे कसे वागतात, हे समजून घ्यायला कोकणातल्या माणसाला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही.

मुळाशी साधं कारण आहे. १९५७ च्या रोम करारातून सहा देशांनी आपापसातली जकात काढून टाकायचं आणि बाहेरच्यांसाठी एकच जकात ठेवायचं ठरवलं. आज सदस्य २७ आहेत. रॉटरडॅमच्या बंदरात उतरलेला माल पुढे वॉर्सापर्यंत कुठेही सीमेवर अडत नाही. आतल्या भिंती काढल्या की बाहेरचा दरवाजा एकट्याने उघडून चालत नाही. फळमाशीची मादी पिकत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. फळ वरून निर्दोष दिसतं आणि आत अळ्या गर खात असतात. असं फळ लंडनमध्ये उतरलं, तर धोका लंडनपुरता राहत नाही; स्पेन-इटलीच्या बागाही त्याच आवारात येतात. त्यामुळे व्यापार हा विषय सदस्य देशांनी महासंघाकडे पूर्ण सोपवला. जर्मनी किंवा फ्रान्स आपल्याशी स्वतंत्र व्यापार करार करूच शकत नाहीत. बोलणी युरोपीय आयोग, म्हणजे महासंघाचं कार्यकारी मंडळ, करतो, त्याला अधिकारपत्र सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद देते, आणि शेवटी युरोपीय संसदेची संमती लागते.

मासेमारीचंही तेच. हिंदी महासागरातल्या टुनाचं व्यवस्थापन करणाऱ्या आयोगाचं मुख्यालय सेशेल्समध्ये आहे. भारत त्याचा सदस्य आहे. पश्चिम हिंदी महासागरात स्पेनच्या मोठ्या बोटी टुना पकडतात, पण त्या आयोगात स्पेनची खुर्ची नाही. तिथे बसतो महासंघ. २०२३ च्या फेब्रुवारीत या आयोगाने मासे गोळा करणाऱ्या तरंगत्या साधनांवर दर वर्षी ७२ दिवसांची बंदी घालायचा ठराव केला. इंडोनेशियाच्या पुढाकाराने किनारी देशांनी तो रेटला होता. महासंघाने त्यावर हरकत नोंदवली. आपल्याच महासागरातल्या माशांवर ब्रुसेल्सचा आवाज असा चालतो.

आता दुसरी बाजू. राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जागा आहे. मूळ आराखडा प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा, एकूण ९९०० मेगावॉटचा. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष निकोला सार्कोझी दिल्लीत आले असताना भारतीय अणुऊर्जा महामंडळ आणि फ्रेंच कंपनी अरेव्हा यांच्यात प्राथमिक करार झाला. पुढे ही जबाबदारी ईडीएफ या फ्रेंच कंपनीकडे गेली. हा सगळा व्यवहार दिल्ली आणि पॅरिस यांच्यातला, ब्रुसेल्स त्याच्या टेबलावर नव्हतं. देवगडचा आंबा ज्या फ्रान्सशी थेट बोलून सुटत नाही, तोच फ्रान्स काही मैलांवरच्या माडबनसाठी थेट बोलतो.

कारण ऊर्जा कुठून घ्यायची आणि संरक्षण कसं करायचं, या बाबी सदस्यांनी स्वतःच्या हातात ठेवल्या आहेत. ऑस्ट्रियाच्या मतदारांनी १९७८ सालीच बांधून तयार असलेली अणुभट्टी सुरू करायला नकार दिला. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. भट्ट्या विकायच्या की नाहीत हे २७ जणांनी मिळून ठरवायचं असतं, तर जैतापूरचा कागद कधी तयारच झाला नसता. माझगाव गोदीत फ्रेंच रचनेच्या स्कॉर्पीन पाणबुड्या बांधल्या गेल्या, तोही असाच दोन देशांतला मामला.

महासंघाला राजकीय परराष्ट्र धोरण नाही असं मात्र नाही. मास्ट्रिख्ट करार १९९३ मध्ये लागू झाला तेव्हा ‘सामायिक परराष्ट्र आणि सुरक्षा धोरण’ अधिकृतपणे सुरू झालं. लिस्बन कराराने २००९ मध्ये परराष्ट्रमंत्र्यासारखं एक पद बळकट केलं आणि त्याच्या हाताखाली स्वतंत्र राजनैतिक सेवा उभी राहिली. डिसेंबर २०२४ पासून एस्टोनियाच्या काया कालास त्या पदावर आहेत. पण इथे एक अट आहे, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. युद्ध, निर्बंध, एखाद्या देशाला मान्यता यांबद्दलचे निर्णय जवळपास सगळे एकमताने घ्यावे लागतात.

शिमग्यात सगळे मानकरी राजी झाल्याशिवाय पालखी हलत नाही, हे कोकणात कुणाला समजावून सांगायला नको. एकमताची ही किंमत गणिताने मोजता येते. समजा, एखाद्या प्रस्तावाला प्रत्येक देश हो म्हणण्याची शक्यता ९५ टक्के आहे, म्हणजे जवळपास सगळेच अनुकूल आहेत. तरीही २७ च्या २७ जणांनी एकाच वेळी हो म्हणण्याची शक्यता ०.९५ चा २७ वा घात, म्हणजे सुमारे २५ टक्के. चारातले तीन प्रस्ताव पडणार! हाच हिशेब आठ देशांसाठी केला तर शक्यता ६६ टक्क्यांवर जाते. खरे देश अर्थातच नाण्यासारखे स्वतंत्रपणे उडत नाहीत. ते एकमेकांकडे पाहतात, देवाणघेवाण करतात, शेजाऱ्याला सांभाळून घेतात. पण सदस्य वाढले की एकमत किती झपाट्याने दुर्मीळ होतं, हे या आकड्यातून नेमकं दिसतं.

व्यापारासारख्या विषयांत नियम वेगळा आहे. किमान १५ देश, आणि त्यांची मिळून लोकसंख्या महासंघाच्या ६५ टक्के, असं दुहेरी बहुमत पुरतं. एकट्यादुकट्याचा विरोध तिथे निर्णय थांबवू शकत नाही.

म्हणून आंब्यावर महासंघ एका आवाजात बोलतो आणि युद्धावर अडखळतो. २००३ मध्ये इराकच्या प्रश्नावर ब्रिटन, स्पेन आणि इटली अमेरिकेच्या बाजूला गेले, फ्रान्स आणि जर्मनी विरोधात. कोसोव्होला पाच सदस्य देशांनी आजही मान्यता दिलेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायचा निर्णय घेताना हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी ठराव केला. एक नेता उठून बाहेर जाणं हीसुद्धा तिथे एकमताची कार्यपद्धती ठरू शकते. सगळ्यांचाच माल धोक्यात असेल तेव्हा मात्र एकमत लवकर होतं. सोमालियाच्या चाच्यांविरुद्ध ‘अटालांटा’ ही नौदल मोहीम २००८ मध्ये सुरू झाली, तांबड्या समुद्रातल्या जहाजांसाठी ‘अ‍ॅस्पिडीस’ २०२४ मध्ये. उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून युरोपकडे निघालेला कंटेनर आणि त्या जहाजावरचे आपल्याकडचे खलाशी त्याच पाण्यातून जातात.

मग खरी ताकद कशात? माझ्या मते बाजाराच्या नियमांत, आणि परराष्ट्र धोरण म्हणून आपण त्याच नियमांचा अभ्यास करायला हवा. २०१० पासून महासंघात जाणाऱ्या समुद्री मासळीला ‘कॅच सर्टिफिकेट’ लागतं: कुठल्या बोटीने, कुठल्या पाण्यात, काय आणि किती पकडलं. आपल्याकडे ते समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे एम्पेडा, देतं. मिरकरवाड्याला उतरलेला माकूल युरोपला जायचा असेल, तर बोटीची नोंद त्याच्याबरोबर जाते. ज्या देशाची देखरेख ढिली वाटेल त्याला आधी पिवळं कार्ड, सुधारणा झाली नाही तर लाल कार्ड आणि आयात बंद. श्रीलंकेला लाल कार्ड मिळालं आणि २०१५ च्या सुरुवातीपासून तिची मासळी थांबली. खोल समुद्रातल्या बोटींवर नजर ठेवायची यंत्रणा उभी केल्यावर २०१६ मध्ये बंदी उठली. थायलंडला एप्रिल २०१५ मध्ये पिवळं कार्ड मिळालं, त्याच वर्षी त्या देशाने मासेमारीचा कायदाच नवा केला, आणि कार्ड निघालं जानेवारी २०१९ मध्ये. एकही युद्धनौका न पाठवता दुसऱ्या देशाचा कायदा बदलला जातो, याला परराष्ट्र धोरण म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

यात आपल्या हिताचंही काही आहे, हे मी ठामपणे म्हणेन. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, तरी रापण आणि छोट्या जाळ्यांवर जगणाऱ्यांची तिच्याविरुद्धची तक्रार संपलेली नाही. बोटीनिहाय नोंद खरोखर प्रामाणिकपणे झाली, तर तिचा पहिला फायदा हर्णे-मालवणच्या छोट्या मच्छीमाराला होईल.

करारांच्या बोलणीत महासंघाचं अवघडलेपणही त्याच्या कामी येतं. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या थॉमस शेलिंग यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं होतं की ज्या वाटाघाटी करणाऱ्याचे हात घरच्यांनी बांधलेले असतात, तो टेबलावर अनेकदा जास्त मिळवतो. ‘मला पटतं हो, पण घरी मान्य होणार नाही’ हे त्याचं म्हणणं खरं असतं आणि समोरच्यालाही ते माहीत असतं. युरोपीय आयोगाच्या मागे २७ सरकारं आणि एक संसद आहे, तेव्हा त्याला हे नेहमीच म्हणता येतं. पण गाठ कधी कधी इतकी घट्ट बसते की स्वतःलाच सुटत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये कॅनडाबरोबरचा करार सहीला आला असताना बेल्जियममधल्या वालोनी या एका प्रांताने तो अडवला. वालोनीची लोकसंख्या सुमारे ३६ लाख, आपल्या रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या बेरजेपेक्षा कमी. त्या करारात गुंतवणुकीसारखे सदस्य देशांच्या अधिकारातले विषय होते, त्यामुळे तो फक्त ब्रुसेल्सच्या सहीने होणार नव्हता. काही दिवसांच्या खटपटीनंतर वालोनी राजी झाली. भारताशी व्यापाराची बोलणी २००७ मध्ये सुरू होऊन २०१३ मध्ये थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा समोर अशीच अनेक मजली यंत्रणा होती.

इतर गट या वाटेने फारसे गेलेले नाहीत. आग्नेय आशियाई देशांचा आसियान हा गट चर्चेवर आणि सहमतीवर चालतो. जुलै २०१२ मध्ये नोम पेन्हला दक्षिण चीन समुद्रावरून बिनसलं आणि ४५ वर्षांत प्रथमच त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांचं संयुक्त निवेदन निघालं नाही. आपल्या दक्षिण आशियाच्या सार्क या गटाच्या सनदेत तर द्विपक्षीय आणि वादाचे विषय चर्चेला घ्यायचेच नाहीत असं लिहिलेलं आहे. त्याची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली. दक्षिण आशियाची एक बाजारपेठ झालीच नाही, त्यामुळे तिच्या दारावर उभं राहून जगाशी बोलायची वेळही आली नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण समुद्र आपल्या सगळ्यांचा एकच आहे.

हापूसची बंदी मुदतीच्या जवळजवळ वर्षभर आधी, जानेवारी २०१५ मध्ये उठली. भारताने निर्यातीच्या फळांची तपासणी कडक केली आणि आंब्यासाठी ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायची प्रक्रिया आणली. त्या उष्णतेत सालीखालची अंडी आणि अळ्या मरतात. बागेत माशी कमी करायला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा होताच.

पुढचा नियम किडीचा नव्हता, मधमाशीचा होता. थायामेथोक्झाम हे कीटकनाशक मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी कोकणात फवारलं जातं. महासंघाने त्याचा स्वतःच्या उघड्या शेतातला वापर २०१८ मध्ये थांबवला. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरवलं की बाहेरून येणाऱ्या मालातही त्याचा अंश मोजता येईल इतक्या किमान पातळीच्या वर चालणार नाही, आणि कारण दिलं जगभरातल्या परागीभवन करणाऱ्या कीटकांचं रक्षण. म्हणजे देवगडच्या मोहोरावरची मधमाशीसुद्धा ब्रुसेल्सच्या धोरणात आली. अंमलबजावणीची तारीख ठेवली ७ मार्च २०२६. मधे तीन वर्षं होती. असे मसुदे जागतिक व्यापार संघटनेला आधी कळवले जातात आणि इतर देशांना हरकती मांडायला साधारणपणे ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत दापोलीचे शास्त्रज्ञ, बागायतदारांचे संघ आणि दिल्लीतलं वाणिज्य मंत्रालय यांनी एकत्र बसून मसुदा वाचला पाहिजे: कुठली फवारणी बदलता येईल, कशाला पर्याय नाही, किती मुदत मागायची. पहिली फवारणी पालवीवर होते, मोहोर येण्याच्या आधी, आणि ७ मार्चला झाडावर जी फळं असतात त्यांच्यासाठीचं औषध डिसेंबर-जानेवारीतच मारून झालेलं असतं.