मॅन बेटावरच्या जमिनींचा माग: नावापेक्षा सारा भरवशाचा

आयल ऑफ मॅनवरच्या एखाद्या घराण्याची जमीन शोधत मागे गेलं, की वाट बहुधा 1511 किंवा 1515 सालाशी संपते. इंग्लंडचा राजा चौथा हेन्री याने 1405 साली हे बेट सर जॉन स्टॅन्लीला तहहयात दिलं, आणि पुढच्याच वर्षी ते वंशपरंपरेने त्याच्या घराण्याचं झालं. पुढे डर्बीचे अर्ल झालेल्या या स्टॅन्लींचा मुख्य पसारा इंग्लंडमध्ये, त्यामुळे बेटाचा शेतसारा कागदावरूनच सांभाळावा लागे. साऱ्याच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या याद्या दुसऱ्या अर्लच्या काळातल्या आहेत: दक्षिण बाजूची 1511 ची, उत्तर बाजूची 1515 ची. त्याआधीची ‘शेताशेताची’ मालकी सांगणारी वंशावळ पारखूनच घ्यावी.

यादीची रचना समजली की निम्मं काम होतं. आधी पॅरिश (चर्चचा विभाग), तिच्याखाली ‘ट्रीन’ म्हणजे जमिनींचा गट, ट्रीनखाली कुळांची नावं आणि प्रत्येकाचा सारा. ट्रीनमध्ये साधारण चार ‘क्वार्टरलँड’, म्हणजे शेतांचे वाटे, असत, पण त्यांची नावं यादीत बहुतेक येतच नाहीत. त्यात आडनावं बदलत जातात. मॅक्‌क्रिस्टनचा ख्रिश्चन होतो, मॅक्‌कॉर्किलचा कॉर्किल. एकाच ट्रीनमध्ये एकाच नावाची दोन कुळं निघाली, तर नुसत्या नावावर विसंबणारा हमखास फसतो.

इथे साराच कामी येतो, कारण लॉर्डचा, म्हणजे बेटाच्या धन्याचा, सारा पिढ्यानपिढ्या जवळजवळ तोच राहिला. म्हणून शोध उलटा करावा. 1867 च्या वुडच्या नकाशासंग्रहात क्वार्टरलँडचं नाव आणि ट्रीन पाहावं, खरेदीखतावरून सारा काढावा, आणि तोच आकडा त्याच ट्रीनमध्ये मागे मागे शोधत जावं. समजा, सारा 11 शिलिंग आहे आणि जुन्या यादीत 5 शिलिंग 6 पेन्स दोनदा दिसतात, तर शेत तेव्हा दोघांत वाटलेलं असण्याची शक्यता तपासावी. 12 पेन्सचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड, हा हिशेब डोक्यात पक्का हवा. ट्रीनची बेरीज जुळत नसेल, तर एखादी ओळ वाचायची राहिली असते.

नोंदवह्या दोन प्रकारच्या आहेत. ‘लिबर असेडेशनिस’ ही कुळं आणि सारा यांची यादी, तर ‘लिबर व्हास्टारम’मध्ये जमीन कोणाकडून कोणाकडे गेली त्याची नोंद, आपल्याकडच्या फेरफार नोंदवहीसारखी. नातं आणि हस्तांतराचं कारण कळलं तर या दुसऱ्या वहीतून. गायरानातून नव्याने कुंपण घातलेले तुकडे, म्हणजे ‘इनटॅक’, वेगळे मांडलेले असतात. ते क्वार्टरलँडच्या आकड्यात मिसळले की सगळा हिशेब चुकतो. तारखांचंही भान ठेवावं. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत वर्ष 25 मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारी 1640 म्हणजे आपल्या गणनेने 1641.

सतराव्या शतकात मोठी खळबळ आहे. कुळं आपली जमीन वंशपरंपरेची मानत आणि न्यायालयात गवताची काडी हाती देऊन ती हस्तांतरित करत. सातव्या अर्लने 1643 पासून ही वहिवाट मोडून तीन आयुष्यांच्या किंवा 21 वर्षांच्या भाडेपट्ट्यांचा आग्रह धरला. हा वाद 1704 च्या कायद्याने मिटला आणि ठरलेला सारा व हस्तांतराची फी भरून वारसाहक्क कायम झाला. तीन आयुष्यांचा पट्टा सापडला तर तो सोडू नये, कारण ज्यांच्या हयातीवर पट्टा टिकायचा ती नावं अनेकदा घरचीच असतात.

एवढं करूनही कुटुंब सापडलं नाही, तर ते बेटावर नव्हतं असं लगेच मानू नये. रशेन मठाच्या आणि बिशपच्या जमिनींचे हिशेब व न्यायालयं निराळी होती. मठ 1540 साली बंद झाला, तरी त्या जमिनींचा हिशेब पुढेही स्वतंत्रच राहिला. ते कागद वेगळे मागवावे लागतात.