गेमिंग माउस : टिकाऊपणा आणि दुरुस्ती

गेमिंग माउस म्हणजे संगणकावरील खेळांसाठी खास बनवलेला, हाताच्या हालचालीला चटकन प्रतिसाद देणारा माउस. साध्या माउसपेक्षा तो बराच महाग असतो, पण त्या प्रमाणात जास्त टिकतोच असे नाही. बहुतेक वेळा अख्खा माउस बिघडतही नाही. डाव्या बटणाखालचा शेंगदाण्याएवढा स्विच थकतो आणि बाकी सगळे ठणठणीत असताना माउस कचऱ्यात जातो. म्हणून या नोंदीचा मुख्य भर त्या स्विचवर आहे.

जुन्या माउसच्या पोटात रबरी गोळी असे. तिच्या रुळांवर मळ बसला की पडद्यावरचा बाण अडखळे आणि गोळी काढून नखाने मळ खरवडावा लागे. 1999 साली मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस एक्सप्लोरर आला आणि त्यानंतर प्रकाशाने हालचाल टिपणाऱ्या प्रकाशीय सेन्सरचा वापर वाढत जाऊन गोळीचे दिवस संपले. सेन्सरमध्ये झिजण्यासारखे काहीच नसते. भिंगावर केस किंवा धूळ बसली तर फुंकर किंवा कापसाचा बोळा पुरतो. मग झिजायला उरली ती बटणे, चाक, केबल आणि तळाचे पाय.

मायक्रोस्विच : माउसमध्ये सर्रास आढळणारा स्विच 12.8 मिमी लांब, 5.8 मिमी रुंद आणि 6.5 मिमी उंच असतो. ओम्रॉन, कैल्ह, हुआनो आणि टीटीसी या तो बनवणाऱ्या परिचित कंपन्या. वर एक छोटी खुंटी आणि आत तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी. पट्टीची मधली जीभ वाकवून खाचेत अडकवलेली असल्याने पट्टी कायम ताणलेली राहते. खुंटी दाबत गेले की ठरावीक मर्यादेपर्यंत काहीच घडत नाही. ती ओलांडताच पट्टीचे टोक एकदम खाली झेपावते आणि संपर्कबिंदूवर आदळते. ‘टक्’ असा जो आवाज येतो तो या आदळण्याचा.

धातूवर धातू आदळला की तो थोडा उसळतोच. बोटाला एकच क्लिक जाणवते, पण तेवढ्यात विजेची जोडणी अनेकदा जुळून तुटलेली असते. म्हणून माउसमधली चिप पहिल्या स्पर्शानंतर काही मिलिसेकंद बाकीच्या उसळ्यांकडे दुर्लक्ष करते. याला डिबाउन्स म्हणतात.

डबल क्लिकचा दोष : पट्टीचा ताण कमी झाला किंवा संपर्कबिंदूवर ऑक्साइडचा, काजळीचा थर चढला की उसळ्या लांबतात आणि डिबाउन्सच्या मुदतीबाहेर जातात. मग एका दाबाची दोन क्लिक नोंदली जातात. फाइल नुसती निवडायला जावे तर ती उघडते. बटण दाबून धरून फाइल ओढत असताना ती मधेच गळून पडते. खेळात दाबून धरलेला गोळीबार तुटतो, निशाण्यासाठी ओढून धरलेले धनुष्य आपोआप सुटते. खेळणाऱ्याला आधी स्वतःच्या बोटाचीच शंका येते, आणि खरा दोष सापडेपर्यंत कितीतरी दिवस जातात.

गेमिंग माउसमध्ये हा दोष लवकर का दिसतो, याचे एक कारण त्याच्या वेगातच आहे. क्लिक संगणकापर्यंत लवकर पोहोचावी म्हणून डिबाउन्सची मुदत शक्य तितकी कमी ठेवली जाते. कार्यालयातल्या साध्या माउसमध्ये तितकाच झिजलेला स्विच लांब मुदतीमागे बरेच दिवस झाकून राहतो, गेमिंग माउसमध्ये तो पहिल्याच उसळीला उघडा पडतो. काही माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत वाढवण्याची सोय असते. तिने दोष बरा होत नाही, पण काही महिने निभावून नेता येतात.

खोक्यावरचा आकडा : 1 कोटी, 2 कोटी, 5 कोटी क्लिक असे आयुष्य खोक्यावर छापलेले असते. रोज 10,000 क्लिक धरल्या तर 2 कोटींना साधारण साडेपाच वर्षे लागायला हवीत. प्रत्यक्षात पुष्कळ माउस त्याच्या आधीच डबल क्लिक करू लागतात. या आकड्यावर विसंबून माउस निवडू नये असे माझे मत आहे. पट्टी किती वेळा वाकून मोडत नाही आणि दर वेळी स्वच्छ, एकसंध जोडणी देते की नाही, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत.

याचे चांगले उदाहरण ओम्रॉनच्या डी2एफ मालिकेत सापडते. तिच्यातला साधा स्विच 3 अँपिअरपर्यंतच्या प्रवाहासाठी आहे, तर डी2एफ-01 हा 0.1 अँपिअरपर्यंतच्या अल्प प्रवाहासाठी, सोन्याच्या मिश्रधातूचे संपर्क असलेला. माउसमधून जाणारा प्रवाह अगदीच नाममात्र असतो. मोठ्या प्रवाहाच्या स्विचमध्ये ठिणगी पडून संपर्कावरचा थर जळून जातो. नाममात्र प्रवाहात तसे काही घडत नाही आणि थर साचत राहतो. सोन्याला तो सहजी चढत नाही. म्हणूनच डी2एफचे कागदावरचे यांत्रिक आयुष्य 10 लाख वेळांचेच असूनही डी2एफ-01एफ हा त्यातला हलक्या दाबाचा प्रकार हौशी दुरुस्ती करणारे आवर्जून निवडतात.

प्रकाशीय स्विच हा या दुखण्यावरचा वेगळा उपाय. त्यात पट्टी विजेची जोडणी करत नाही, फक्त प्रकाशाची तिरीप अडवते किंवा मोकळी करते. त्यामुळे उसळ्यांचा प्रश्नच राहत नाही. रेझरने 2019 मध्ये वायपर हा माउस अशा स्विचसह आणला आणि 7 कोटी क्लिकचे आयुष्य सांगितले. मात्र यांत्रिक स्विचच्या जागी प्रकाशीय स्विच सहसा बसवता येत नाही, त्याची मांडणीच निराळी असते.

स्विच बदलणे : पहिली अडचण माउस उघडण्याचीच. स्क्रू बहुधा तळाच्या पायांखाली दडलेले असतात. हेअर ड्रायरची ऊब देऊन पाय अलगद उचलले तर ते पुन्हा चिकटतात, घाईने ओढले तर दुमडतात आणि नवे घ्यावे लागतात. स्क्रू निघाले तरी वरचे झाकण हिसका देऊन उघडू नये. झाकण आणि तळ यांना जोडणारी कागदासारखी पातळ पट्टी-केबल आत असते. ती फाटली तर पाच मिनिटांचे काम आठवडाभराचे होते.

स्विचला तीन पाय असतात. ते सोल्डरने, म्हणजे वितळवून लावलेल्या मिश्रधातूने, बोर्डाला जोडलेले असतात. जुने सोल्डर शिसेविरहित असेल तर ते उशिरा वितळते. त्यावर आधी थोडे शिसेयुक्त सोल्डर चढवावे, मग सगळे एकत्र मऊ होते आणि सोल्डर पंपाने ओढून घेता येते. जोर लावून स्विच उपटला तर बोर्डावरची तांब्याची चकती उखडते, आणि नवख्याच्या हातून होणारी सर्वात मोठी चूक हीच. नवा स्विच बसवताना खुंटी कोणत्या टोकाकडे आहे ते पाहावे. ती मधोमध नसते. स्विच उलटा बसला तर बटण खुंटीवर टेकतच नाही.

नवा स्विच हाताशी नसेल तर अनुभवी कारागीर उजव्या बटणाचा स्विच डावीकडे आणि डावीकडचा उजवीकडे लावतात, कारण उजवे बटण फार कमी वापरले जाते. सोल्डरिंग जमत नसेल तर स्विच जागच्या जागी उघडूनही साफ करता येतो. बाजूच्या दोन खाचांत पातळ पाते सारून टोपी उचलली की खुंटी टुणकन उडून गादीच्या घडीत हरवते, म्हणून खाली पांढरा कागद अंथरावा. भिंगातून पाहिले की संपर्कबिंदूवर टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेली कागदाची चिंधी पट्टी आणि संपर्कबिंदू यांच्यामधल्या फटीतून दोन-चार वेळा ओढली की तो निघतो. पट्टी पुन्हा खाचेत बसवणे मात्र चिकाटीचे काम आहे. एसुसने आपल्या आरओजी मालिकेतल्या काही माउसमध्ये स्विच खोबणीत नुसता दाबून बसवण्याची सोय केली. ती सगळीकडे असायला हवी होती.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली या भागांत सोल्डरिंगचे सामान आणि सुटे भाग मिळतात. नेमका हवा तो स्विच बहुधा ऑनलाइन मागवावा लागतो.

इतर बिघाड : चाक उलट्या दिशेने उडी मारू लागले तर त्याच्या शेजारचा एन्कोडर, म्हणजे चाकाचे फिरणे मोजणारा भाग, मळलेला किंवा सैल झालेला असतो. आधी संपर्क साफ करण्याचा फवारा मारून पाहावा. नवा घेताना त्याच्या आसाची उंची मिलिमीटरपर्यंत जुळली पाहिजे, नाहीतर चाक तिरके बसते. केबल बहुधा माउसमधून बाहेर पडते तिथेच आतून तुटते. तेवढा तुकडा कापून तारा पुन्हा जोडता येतात, पण रंगांवर विश्वास न ठेवता जुना क्रम आधी फोटोत टिपून घ्यावा. रबरी मुलामा काही वर्षांनी चिकट होतो. तो अल्कोहोलाने पुसून काढला तर खालचे प्लॅस्टिक वापरायला चांगले असते.

बऱ्याच बिनतारी माउसमध्ये लिथियम बॅटरी असते. ती फुगून कवच वर उचलले गेलेले दिसले तर माउस लगेच बंद करावा. ती बॅटरी टोचू, दाबू किंवा चार्ज करू नये, ई-कचऱ्यात द्यावी. युरोपीय संघाच्या 2023 च्या बॅटरी नियमांनुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून उपकरणांतल्या लहान बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता येतील अशा असाव्या लागतील.

इतका खटाटोप करण्यामागे पैसे वाचवणे हे एकच कारण नसते. तळहाताला एकदा एक आकार बसला की दुसरा परका वाटतो, आणि बाजारातून नमुने भराभर नाहीसे होतात. लॉजिटेकचा 2005 चा एमएक्स518 खेळणाऱ्यांच्या इतका हाती बसला होता की कंपनीने 2019 मध्ये तोच आकार नव्या सेन्सरसह पुन्हा आणला. बहुतेक नमुन्यांच्या नशिबी असे परतणे नसते, म्हणून त्यांचे मालक जुन्या माउससाठी सुटे स्विच खणात जपून ठेवतात.