स्वमग्नता : शैशवातील मेंदू-प्रतिमांकन

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम असलेल्या, किंवा पुढे तिचे निदान होण्याचा संभव असलेल्या बालकांच्या मेंदूची वाढ प्रतिमांवरून अभ्यासणारी संशोधनशाखा. मुख्य साधन एमआरआय. निदान वर्तनावरूनच होते आणि अनुभवी तज्ज्ञही ते दुसऱ्या वर्षाच्या सुमारास खात्रीने करतात. त्याआधीची वाढ पाहण्यासाठी थोरल्या भावंडाला स्वमग्नता असलेली तान्ही मुले निवडून ६, १२ व २४ महिन्यांना त्यांचे स्कॅन घेतात. अशा सुमारे पाच मुलांमागे एकाला पुढे निदान होते.

मेंदूच्या अतिवाढीचा प्रश्न सर्वांत वादग्रस्त आहे. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्न म्हणून वर्णिलेल्या ११ मुलांपैकी पाच जणांची डोकी मोठी होती. एरिक कूर्शेन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जन्मवेळी किंचित लहान असलेला डोक्याचा घेर पहिल्या वर्षात झपाट्याने वाढतो, असे मांडले. आधार प्रमाण-तक्त्यांचा, म्हणजे कोणत्या वयाला डोक्याचा घेर साधारण किती असतो हे सांगणाऱ्या तक्त्यांचा होता. रझनहान व इतरांनी २०१३ मध्ये या तक्त्यांवरच बोट ठेवले : त्यांतील काहींशी ताडून पाहिले तर निरोगी मुलांतही तशीच ‘अतिवाढ’ दिसते. हॅझलेट व इतरांच्या २०१७ मधील अभ्यासात पुढे निदान झालेल्या बालकांत ६ ते १२ महिन्यांदरम्यान प्रमस्तिष्क-बाह्यकाचे (मेंदूच्या घड्या पडलेल्या बाहेरील थराचे) पृष्ठफळ वेगाने वाढले आणि मेंदूच्या आकारमानाची अतिवाढ त्यानंतर, १२ ते २४ महिन्यांत दिसली. त्यात निदान झालेली बालके अवघी १५ होती. अतिवाढ सर्वांत नव्हे, एका उपगटात होते, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते.

मेंदूभोवतीच्या मस्तिष्क-मेरुद्रवाचे वाढलेले प्रमाण ही दुसरी नोंद. शेन व इतरांनी ती २०१३ मध्ये केली आणि २०१७ मध्ये मोठ्या गटात पुन्हा पडताळली.

संशोधनासाठी भूल न देता नैसर्गिक झोपेत चित्रण करतात. आधी काही दिवस यंत्राच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण झोपताना ऐकवतात. वेळ नेहमीच्या निजण्याची धरतात. बटणे-चेन नसलेले कपडे घालतात. यंत्राचा आवाज १०० डेसिबेलच्या वर जातो, म्हणून कानात फोमचे बोळे आणि वर हेडफोन. गाढ झोप लागल्यावरच मूल टेबलावर ठेवतात. सर्वांत गरजेचे, म्हणजे बहुधा रचनात्मक (मेंदूची रचना दाखवणारे), चित्रण आधी उरकतात, कारण मूल केव्हाही जागे होते. डोके जरासे हलले तरी कडा पुसट होतात आणि बाह्यक प्रत्यक्षाहून पातळ मोजला जातो. एका गटातील मुले अधिक हलली तर नसलेला फरक दिसू लागतो. स्वमग्न मुलांत झोपेच्या तक्रारी जास्त, त्यामुळे न झोपणारी मुले गळतात आणि नमुना एकांगी होतो.

सहा-आठ महिन्यांची अडचण निराळी. मायलिनीकरण (चेतातंतूंवर मेदयुक्त आवरण चढणे) अर्धवट असल्याने या वयात करडे द्रव्य (चेतापेशींचा भाग) व श्वेत द्रव्य (चेतातंतूंचा भाग) टी-१ या प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत जवळजवळ एकाच छटेचे दिसते. प्रौढांसाठी लिहिलेली सॉफ्टवेअरे इथे सीमारेषा चुकवतात. टी-१ व टी-२ या दोन्ही प्रकारच्या प्रतिमा एकत्र वापरून, शिशूंसाठीच्या पद्धतीने विभागणी करावी लागते आणि नंतर हाताने तपासावी लागते.

मुलींची संख्या बहुतेक अभ्यासांत कमी.

हॅझलेट यांच्या अभ्यासात ६ व १२ महिन्यांच्या मोजमापांवरून संगणकाने वर्तवलेली स्वमग्नता सुमारे ८१ टक्के वेळा खरी ठरली. हा आकडा जोखमीच्या भावंडांपुरताच आहे; सर्वसाधारण बालकांत स्वमग्नतेचे प्रमाण बरेच कमी असल्याने तीच चाचणी तिथे लावल्यास चुकीचे इशारे खूप वाढतील.