पान जागेवर नाही

बडोद्याच्या मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी आहे. जाड काचेच्या लाद्यांचे मजले आणि त्यांवर लोखंडी कपाटं. एवढी पुस्तकं वाचकाच्या टेबलावर मावणार कुठून? जे हवं तेच काढून आणायचं. संगणकाची मेमरीही असंच करते. ज्या घटनेमुळे हे आणणं घडतं, तिला नाव मात्र ‘पेज फॉल्ट’ पडलंय. मला ते नाव अन्यायाचं वाटतं, कारण बहुतेक वेळा यात चूक कुणाचीच नसते.

प्रोग्रॅमला आपली मेमरी सलग दिसते. खरं तर ती पानापानांची असते. एक पान सहसा ४०९६ बाइटचं, आणि कोणतं पान रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या जलद मेमरीत, कुठे आहे याची नोंद पेज टेबलात. मागितलेलं पान तिथे ‘हजर’ नसेल, तर प्रोसेसर चालू सूचना, म्हणजे प्रोग्रॅमची एक पायरी, अर्ध्यावर सोडतो. इंटेलच्या प्रोसेसरवर हा १४ क्रमांकाचा एक्सेप्शन, म्हणजे काम मध्येच अडवणारी घटना. अडलेला पत्ता प्रोसेसरमधल्या सीआर-२ रजिस्टर या छोट्या कप्प्यात टिपून ताबा कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, जातो.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल आधी पाहतो, की हा पत्ता या प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या, हद्दीतला आहे का? नसेल तर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, म्हणजे हद्दीबाहेर गेल्याची चूक, आणि प्रोग्रॅम सहसा तिथेच संपतो. असेल तर रॅममध्ये मोकळी जागा शोधायची. नवी मेमरी मागितली असेल तर ती शून्यांनी पुसून द्यायची, म्हणजे एकाचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती लागत नाही. ही काळजी मला फार मोलाची वाटते. फाइलचं पान असेल तर ते डिस्कवरून आणायचं. मग टेबलात नोंद होते आणि अडलेली सूचना पुन्हा पहिल्यापासून चालते. मध्ये काही घडलं, हे प्रोग्रॅमच्या गावीही नसतं.

डिस्कची फेरी मात्र महाग. रॅमला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे लाखपट. तेवढ्यात कर्नल त्या प्रोसेसला झोपवून दुसऱ्याला पाळी देतो. शिवाय गेलोच आहोत तर शेजारची पानंही उचलून आणतो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावलं, त्यांच्या योजनेत गावोगाव पुस्तकांच्या पेट्या जायच्या; मला इथे त्या पेट्याच आठवतात. मागणीनुसार पान आणायची ही रीत मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात १९६२ साली आली.

लिनक्सवर टाइम कमांडच्या सविस्तर अहवालात दोन आकडे दिसतात : डिस्क गाठावी लागलेले मोठे फॉल्ट आणि रॅममध्येच निभावलेले छोटे. संगणक नुकताच सुरू केला असेल, तर मोठा प्रोग्रॅम उघडून बंद करा आणि लगेच पुन्हा उघडा. दुसऱ्या खेपेला मोठ्यांचा आकडा बहुधा शून्यावर येतो, कारण त्याची पानं अजून रॅममध्येच असतात.