लैंगिक अत्याचारानंतरची रुग्णवाहिका-सेवा

लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला घटनास्थळावरून किंवा तिने आसरा घेतलेल्या जागेवरून रुग्णालयात नेईपर्यंत रुग्णवाहिका-पथक करीत असलेली शुश्रूषा. जिवाला असलेला धोका ओळखणे हे इतर कोणत्याही फेरीप्रमाणे येथेही पहिले काम असते. मात्र अपघात किंवा हृदयविकार यांपेक्षा ही सेवा एका बाबतीत वेगळी आहे. अंगावर वाकणे, कपडे सैल करणे, स्ट्रेचरचे पट्टे आवळणे, तोंडावर मास्क धरणे या पथकाच्या रोजच्या कृतींपैकी जवळजवळ प्रत्येक कृती नुकत्याच घडलेल्या अत्याचारासारखी भासू शकते. त्यामुळे काय करायचे याइतकेच कुठे हात आवरायचा, हेही येथे शिकावे लागते.

पहिली भेट : रुग्ण रडत असेल, थरथरत असेल, अशी अपेक्षा धरून पथक आत शिरते आणि समोर शांतपणे पत्ता सांगणारी व्यक्ती बसलेली दिसते. मानसोपचार-परिचारिका अ‍ॅन बर्जेस आणि समाजशास्त्रज्ञ लिंडा होमस्ट्रॉम यांनी बॉस्टनमधील एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास करून १९७४ मध्ये ‘बलात्कार-आघात लक्षणसमूह’ ही संकल्पना मांडली. काही स्त्रिया भावना उघड व्यक्त करतात, तर काही त्या पूर्ण झाकून संयत राहतात, असे त्यांना आढळले. तेव्हा चेहऱ्यावरून खरेखोटे ठरवता येत नाही. आणि ते ठरवणे हे पथकाचे काम तर मुळीच नाही. ‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्नही असाच निरर्थक आहे. तीव्र भीतीत शरीर आपोआप गोठते. स्टॉकहोममधील अत्याचार-उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ७० टक्के जणींनी असे लक्षणीय गोठलेपण अनुभवल्याचे सांगितले.

आत जाण्याआधी जागा सुरक्षित आहे का, हे पाहावे लागते. हल्लेखोर जवळपास असू शकतो. सोबतीला म्हणून गाडीत चढू पाहणारा माणूसच तो असण्याची शक्यताही धरावी लागते. म्हणून ‘सोबत कोण हवे?’ हे रुग्णाला एकटे गाठूनच विचारतात. एकाच कर्मचाऱ्याने बोलावे, शक्यतो समोर, रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून. स्त्री-कर्मचारी हवी की पुरुष चालेल, हेही विचारावे. पर्याय नसेल, तर तसे सरळ सांगावे.

स्पर्श आणि संमती : गाडीत चढताना एकदाच घेतलेली संमती येथे पुरत नाही. ‘आता उजव्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधतो, तो थोडा आवळेल, नको वाटलं तर सांगा, लगेच काढतो,’ असे प्रत्येक कृतीआधी सांगतात आणि उत्तराची वाट पाहतात. वाट पाहणे हा यातला कठीण भाग. घाईची सवय लागलेल्या हातांना तो जमायला वेळ लागतो. मनगटावर पकडल्याचे वळ असतील, तर पट्टा दुसऱ्या हाताला बांधतात. वेदनाशामक वायू द्यायचा असेल, तर मास्क रुग्णाच्या स्वतःच्या हातात देतात. स्ट्रेचरचे पट्टे का लावायचे ते आधी सांगतात, खुर्चीवर बसून जाणे शक्य असेल तर तसे नेतात. दार लावण्यापूर्वी ‘दार लावतोय’ म्हणणे ही बारीकशी गोष्ट. पण बंद दाराचा आवाज काहींना फार लागतो.

गुप्तांगांची तपासणी पथक करीत नाही. अपवाद फक्त जोराच्या रक्तस्रावाचा. त्यातही बाहेरून कापडाची स्वच्छ घडी ठेवायची, आत काही कोंबायचे नाही आणि आत अडकलेली वस्तू असेल तर ती ओढून काढायची नाही.

गळा : प्रशिक्षणात पुराव्याविषयी भरपूर बोलले जाते, गळ्याविषयी त्या मानाने कमी, हा क्रम खरे तर उलटा हवा. अत्याचार करताना गळा आवळलेला असू शकतो आणि त्याच्या खुणा बाहेर दिसतीलच असे नाही. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील गळा आवळण्याच्या ३०० प्रकरणांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे निम्म्या प्रकरणांत पोलिसांना एकही दृश्य इजा आढळली नव्हती. आत मात्र मानेतील रोहिणीच्या (मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीच्या) अस्तराला चीर पडलेली असू शकते. तेथे रक्ताची गुठळी होऊन काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पक्षाघात होतो. घशाची सूज हळूहळू वाढून श्वासमार्ग अरुंद होण्याचाही धोका असतो.

रुग्ण हे आपणहून क्वचितच सांगतो. ‘गळा आवळला का?’ यापेक्षा ‘मानेवर कुणाचा हात, दंड किंवा कपडा दाबला गेला होता का?’ असे विचारल्यास उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. आवाज बसणे, गिळताना दुखणे, श्वासाला त्रास, पापण्यांवर वा कानांमागे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, मधलाच काही वेळ न आठवणे, नकळत लघवी झालेली असणे ही सारी लक्षणे नोंदवायची असतात. मानेच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्यास काही सेकंदांतच शुद्ध हरपते. त्यामुळे आपण बेशुद्ध पडलो होतो, हे रुग्णाला ठाऊकही नसते. असा रुग्ण ‘मी बरी आहे’ म्हणाला, तरी त्याला रुग्णालयात येण्याविषयी पटवून देणे आवश्यक ठरते.

पुरावा : उपचार आणि पुरावा यांत निवड करायची वेळ आली, तर उपचार आधी, हे निर्विवाद. एरवी थोडी काळजी घेतली, तर दोन्ही साधते. कपडे कापावे लागल्यास फाटलेला किंवा डागाळलेला भाग सोडून कापतात. कपडे झटकत नाहीत, घडी घालून कागदी पिशवीत ठेवतात. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी व जिवाणू वाढतात आणि डीएनए नष्ट होतो. रुग्णाखालची चादर आतल्या बाजूला दुमडून तीच सुपूर्द करतात. हातमोजे वेळोवेळी बदलतात. हात धुणे, चूळ भरणे, अंघोळ, कपडे बदलणे शक्य असल्यास पुढे ढकलावे, असे सुचवतात. पण आधीच अंघोळ झाली असेल, तर रागवण्याचे कारण नाही, कारण त्यानंतरही पुरावा मिळू शकतो. गुंगीचे औषध दिल्याचा संशय असेल, तर पहिली लघवी स्वच्छ भांड्यात राखून ठेवणे मोलाचे असते. जीएचबीसारखे गुंगी आणणारे द्रव्य लघवीत साधारण १२ तासांनंतर सापडत नाही.

बोलणे आणि लिहिणे : घटनेचा सविस्तर जबाब घेणे हे पथकाचे काम नाही. उपचारासाठी हवे तेवढेच विचारावे : कुठे दुखते, रक्त येते का, मानेला काही झाले का, काही पाजले होते का. रुग्ण आपणहून बोलला, तर मध्ये न तोडता ऐकावे आणि त्याचे शब्द अवतरणचिन्हांत, वेळेसह जसेच्या तसे लिहावेत. ‘कथित’, ‘म्हणे’ असे शब्द नोंदीत अविश्वास पेरतात; ‘रुग्णाने सांगितले’ एवढे पुरते. ‘इजा नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘पाहिलेल्या भागावर इजा दिसली नाही’ असे लिहिणे अधिक खरे. वायरलेसवर नाव व घटनेचा तपशील बोलत नाहीत.

पुरुषांवर, तृतीयपंथी व्यक्तींवर आणि वृद्धांवरही असे अत्याचार होतात. पुरुष बहुधा दुसऱ्याच दुखापतीचे कारण सांगून गाडी बोलावतात. बालकांच्या बाबतीत कळवण्याचे कायदेशीर बंधन अनेक देशांत आहे. अशा वेळी ‘कुणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही.

नकार आणि वेळेच्या मर्यादा : ‘पोलीस नकोत’ आणि ‘रुग्णालय नको’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रुग्णाला बऱ्याचदा कुणी सांगितलेलेच नसते. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे जितकी लवकर तितकी चांगली, आणि ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. लेव्होनॉरजेस्ट्रेल ही गर्भनिरोधक गोळी ७२ तासांपर्यंत, तर युलिप्रिस्टल १२० तासांपर्यंत देतात. ही औषधे सहसा पथक देत नाही, पण घड्याळ चालू आहे हे सांगू शकते. सज्ञान रुग्णाने सारे समजून घेऊनही नकार दिला, तर तो मान्य करावा लागतो. जाताना मदत-केंद्राची माहिती देताना ती घरातल्या कुणाच्या हाती लागून नवा धोका ओढवणार नाही, याची चौकशी आधी करतात.

सुपूर्द करणे : शक्य असेल तेथे न्यायवैद्यकीय तपासणीची सोय असलेले रुग्णालय निवडतात. प्रशिक्षित परिचारिकांकडून अशी तपासणी करण्याचा पहिला कार्यक्रम अमेरिकेतील मेम्फिस येथे १९७६ मध्ये सुरू झाला. इंग्लंडमधील मँचेस्टरमध्ये १९८६ साली लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठीचे सेंट मेरीज केंद्र उघडले. रुग्णाची माहिती व्हरांड्यात नव्हे, तर बंद खोलीत आणि शक्यतो रुग्णासमोरच देतात, म्हणजे तीच हकीगत त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही. कपड्यांच्या पिशव्या कुणी कुणाला, किती वाजता दिल्या, याची सही घेतात. खटला काही वर्षांनी उभा राहतो, तेव्हा पथकातल्या माणसाला त्या फेरीतले फारसे काही आठवत नसते. न्यायालयात त्याच्या हाती असतो तो त्या वेळी लिहिलेला कागद.